निळ्या पेटीतल्या तीन बाटल्या

कोंबड्यांच्या चोवीस रक्तनमुन्यांचा अहवाल आला, तो मी गोदामाच्या दारात उभ्या उभ्याच वाचला. शेडच्या चार ओळींतून प्रत्येकी सहा नमुने घेतले होते. ओळ तीन आणि चारचे आकडे हवे तसे होते, वर चढलेले आणि एकमेकांच्या जवळ. ओळ एक आणि दोनचे मात्र विखुरलेले. तिथल्या निम्म्याहून जास्त तलंगांचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांचा, टायटर (लसीमुळे रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची पातळी) पहिल्या डोसनंतर जिथे होता तिथेच बसला होता. शेड एकच, वय एकच, लसीची बॅच एकच, टोचणारी टोळी एकच. लस मी पुरवलेली.

मी पशुवैद्य आहे. महूच्या कॉलेजात शिकलो, काही वर्षं हॅचरीत नोकरी केली, आणि नंतर इंदूरला कोंबड्यांच्या लसींची एजन्सी सुरू केली. महू, सिमरोल, सांवेर, देवास आणि धारकडचे फार्म माझ्याकडून लस नेतात. त्यांतल्याच एका फार्मची ही हकिगत आहे. फार्म सिमरोलच्या पुढे. होळकरांच्या काळात इकडे आलेलं मराठी कुटुंब. वडीलधारे अण्णा, त्यांचा मुलगा आणि सूनबाई. सूनबाईंचा उल्लेख पुढे बऱ्याचदा येईल, कारण हे प्रकरण उलगडलं ते त्यांच्या वहीमुळे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण फोनवर मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा समजावावी लागते. ‘बर्ड फ्लूची लस द्या’ असं लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एच५एन१ असतो. खड्डे खणून कोंबड्या पुरायला लावणारा, बातम्यांत येणारा. भारतात त्या विषाणूविरुद्ध कोंबड्यांना लस टोचायला परवानगी नाही. आपलं धोरण शोधा आणि नष्ट करा असं आहे. बाधित फार्मभोवती १ किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करायचे आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. आपल्याकडे मिळते ती लस एच९एन२ ची. तोही बर्ड फ्लूच, पण सौम्य जातीचा. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेनं या विषाणूची मृत लस तयार केली आणि २०२२ मध्ये तिचं तंत्रज्ञान चार कंपन्यांना दिलं. त्यामुळे ही लस कायद्याच्या चौकटीत बाजारात आली.

‘सौम्य’ हा शब्द मरतुकीपुरता खरा आहे. अण्णांच्या घरात त्याला कुणी सौम्य म्हणणार नाही. २०२३-२४ च्या हिवाळ्यात त्यांच्या अंडी देणाऱ्या शेडमध्ये ९,००० पक्षी होते आणि अंडी ९१ टक्क्यांवर होती, म्हणजे शंभर कोंबड्यांमागे रोज ९१. कोंबड्यांना शिंका सुरू झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, खाद्य कमी झालं, आणि नऊ दिवसांत अंडी ६४ टक्क्यांवर आली. म्हणजे रोजचे तीस अंड्यांचे ८१ ट्रे कमी. उरलेल्या अंड्यांची कवचं पातळ, रंग उडालेला, ट्रेमध्ये ठेवतानाच तडकणारी. मरतूक फार नव्हती. पण फ्लूनं श्वसननलिका सोलून काढल्यावर मागून ई. कोलाय हा जिवाणू शिरतो, मायकोप्लाझ्मा हा दुसरा जिवाणू असेल तर तोही डोकं वर काढतो, आणि औषधांचा खर्च सुरू होतो. पशुसंवर्धन खात्यामार्फत नमुने भोपाळला गेले. एच५ नाही, एच९एन२ आहे, असं उत्तर आलं. उत्पादन पुन्हा ८० च्या वर यायला दोन महिने लागले, आणि ९१ काही पुन्हा दिसलं नाही.

म्हणून पुढच्या बॅचला लस द्यायचं ठरलं. ६,००० तलंगा. पहिला डोस सहाव्या आठवड्यात, नोव्हेंबर २०२४ मध्ये. दुसरा पंधराव्या आठवड्यात, अंड्यावर येण्याआधी, जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात. पक्षी अंड्यावर आल्यावर त्याला हाताळलं तर तो दचकतो आणि अंडी घटतात, म्हणून टोचायचं ते आधीच. मात्रा दर पक्ष्याला अर्धा मिलिलिटर. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत हजार डोस, म्हणजे सहा बाटल्या. सांडलवंड धरून आम्ही सात पाठवल्या.

या सात बाटल्या ज्या वाटेनं आल्या ती नीट सांगतो. पुण्याहून धुळे, सेंधवा, मानपूर अशा रस्त्यानं माल वातानुकूलित गाडीतून इंदूरला येतो. खोक्यात तापमान नोंदवणारं छोटं यंत्र असतं, त्याला आम्ही लॉगर म्हणतो. त्या खेपेचा आलेख मी आजही जपून ठेवला आहे. पूर्ण प्रवासात ३ ते ७ अंश, एकदाही २ च्या खाली नाही की ८ च्या वर नाही. गोदामात आल्यावर बाटल्या फ्रीजमध्ये गेल्या, तिथेही दिवसातून दोनदा नोंद होते. पुण्यापासून इंदूरपर्यंत सहाशेच्या आसपास किलोमीटर सगळं बिनचूक. गोदामापासून सिमरोलच्या पुढेपर्यंतचा प्रवास त्यामानानं शेजारच्या गल्लीत जाण्यासारखा. त्या टप्प्यावर लॉगर नव्हता. लागेल असं मला वाटलंच नव्हतं.

अहवाल आल्यावर पहिला संशय टोळीवर गेला. आमच्याकडे लस टोचणाऱ्यांच्या टोळ्या गावोगाव फिरतात. एकजण पिंजऱ्यातून पक्षी काढून धरतो, दुसरा मानेच्या मागच्या कातडीखाली टोचतो. दिवसाला दोन-तीन हजार पक्षी. हात थकले की सुई कातडीतून आरपार जाते आणि लस पिसांवर सांडते. पण थकवा संध्याकाळी येतो, आणि ओळ एक आणि दोन सकाळी ताज्या हातानं झाल्या होत्या. दुसरा संशय बॅचवर. त्याच बॅचच्या बाटल्या देवासकडच्या एका फार्मला गेल्या होत्या, तिथले टायटर चांगले होते. तिसरा संशय फार्मवरच्या घरगुती फ्रीजवर. त्याच्या मागच्या भिंतीला बाटली टेकली तर गोठते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पण त्या दिवशी बाटल्या फ्रीजमध्ये गेल्याच नव्हत्या. पेटीतून काढून सावलीत ठेवल्या आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर वापरल्या. तेलातली लस थंड असताना घट्ट असते. तशीच टोचली तर गाठी येतात आणि पिचकारी जड चालते.

मग सूनबाईंनी वही आणली.

साधी दोनशे पानी वही. तारीख, वय, खाद्य, मरतूक, पाणी. लसीकरणाच्या दिवशी त्यांनी स्वतः रेघा मारून रकाने पाडले होते: ओळ, किती वाजता सुरू, किती वाजता संपली, कुठल्या पेटीतली बाटली, शेरा. ‘पेटी’ हा रकाना का घातला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “दोन पेट्या दोन रंगांच्या होत्या, काका. लिहायला सोपं पडलं.”

ओळ एक: निळी. ओळ दोन: निळी. ओळ तीन: पांढरी. ओळ चार: पांढरी. आणि ओळ दोनच्या शेवटी, शेऱ्यात, बारीक अक्षरात: ‘तिसरी बाटली पातळ. टोळीवाला म्हणतो पाणी येतंय. बाजूला ठेवली.’

मी ते चार वेळा वाचलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लिहिलेलं वाक्य फेब्रुवारी उजाडेपर्यंत कुणी वाचलं नव्हतं. मीही नाही. लसीकरणानंतर चार दिवसांनी मी फार्मवर गेलो होतो, चहा पिऊन, पक्षी पाहून परत आलो होतो. वही टेबलावरच होती.

बाजूला ठेवलेली बाटली अजून फ्रीजमध्ये होती. तळाशी चार बोटं द्रव उरलेला. उजेडात धरली तर वर पिवळसर तेल आणि खाली पाण्याचा स्वच्छ थर. हलवून ठेवली की पाच मिनिटांत पुन्हा दोन थर. पांढऱ्या पेटीतली उरलेली बाटली शेजारी ठेवली. ती दुधासारखी एकसंध होती.

मृत लस म्हणजे तेलात विखुरलेले पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब, आणि त्या थेंबांत मारलेला विषाणू. तेल टोचलेल्या जागी साठा करून राहतं आणि शरीराला विषाणूचा अंश हळूहळू आठवडेच्या आठवडे देत राहतं. लसीची ताकद टिकते ती या साठ्यामुळे. गोठली की पाण्याचे स्फटिक होतात, थेंब फुटून एकमेकांत मिसळतात आणि लस ‘फाटते’. वितळल्यावर ती पुन्हा जुळत नाही. मग एका कोंबडीला नुसतं तेल जातं, दुसरीला नुसतं पाणी, तिसरीला दोन्ही पण मोडलेलं. आमचे विखुरलेले आकडे नेमके असेच होते.

निळी पेटी गोदामातून कशी निघाली, ते शोधायला वेळ लागला नाही. अण्णांनी त्याच खेपेत दुसऱ्या शेडसाठी लासोटाही मागवली होती. लासोटा ही मानमोडीची जिवंत लस. कोरड्या गोळीसारखी, छोट्या बाटलीत. तिला उष्णतेची भीती, गारव्याची नाही. जिवंत लस पाठवताना बर्फ सढळ हातानं भरायचा, हे आमच्या मुलांच्या अंगवळणी पडलेलं. इंदूरच्या मे महिन्यात, ४२ अंशांत, मीच त्यांना तसं शिकवलं होतं. त्या रात्री नऊ वाजता गोदामातल्या मुलानं लासोटा आणि मृत लसीच्या तीन बाटल्या एकत्र निळ्या पेटीत भरल्या, उणे २० च्या डीप फ्रीजरमधून काढलेल्या जेलच्या विटा चारही बाजूंनी लावल्या, झाकणाला पट्टी मारली. पेटी सकाळी सातला निघाली. पांढऱ्या पेटीत लासोटा नव्हती, म्हणून त्यानं तिच्यात दोनच विटा टाकल्या, त्याही वर, पुठ्ठ्याच्या पलीकडे. पांढऱ्या पेटीतल्या बाटल्या चांगल्या राहिल्या त्या कमी काळजी घेतल्यामुळे.

मी त्याला विचारलं तेव्हा तो गोंधळून म्हणाला, “सर, ठंडा तो जितना रहे उतना अच्छा ना?” मला त्याच्यावर रागवता येईना. हे वाक्य माझंच होतं, फक्त मी ते मे महिन्यात म्हटलं होतं आणि कुठल्या लसीबद्दल म्हणतोय हे सांगितलं नव्हतं.

खात्री करायला मी मुदत संपलेल्या तीन बाटल्या घेतल्या, तीच निळी पेटी, तशाच विटा, आणि बाटली व विटेच्या मध्ये लॉगर. पाऊण तासात तापमान शून्याच्या खाली गेलं. सकाळी पेटी उघडली तेव्हा बाटल्यांच्या कडेला गोठलेला पांढरा पट्टा होता. वितळल्यावर दोन थर.

आता ओळ एक आणि दोनमधल्या ३,००० तलंगांचं काय करायचं? त्या एकोणीस आठवड्यांच्या झाल्या होत्या, पिंजऱ्याच्या जाळीवर पहिली बारकी अंडी दिसू लागली होती. पुन्हा टोचलं तर अंड्यावर येणं अडखळणार. नाही टोचलं तर निम्मी शेड अर्धवट राहणार, आणि हिवाळा अजून संपलेला नव्हता. तिसरा सल्ला मला एका अनुभवी माणसानं दिला: पाण्यातून जीवनसत्त्वं द्या, गप्प बसा, कुणाला कळणार आहे? त्यावर मी फार विचार केला नाही. पण असा सल्ला सहजपणे दिला जातो, म्हणून इथे नोंदवतो.

मी अण्णांना सगळं सांगितलं. लस, टोळी आणि त्यामुळे अंडी घटली तर तो तोटा, सगळं माझ्याकडे. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “टोचू या. पण या वेळी पेटी तुम्ही स्वतः घेऊन या.” दोन दिवसांनी मी स्वतः पेटी घेऊन गेलो. पहाटे गारव्यात, मंद दिव्यात टोचलं. आधी आणि नंतर पाण्यातून जीवनसत्त्वं. त्या दोन ओळींची अंडी बाकीच्या दोन ओळींपेक्षा आठवडाभर उशिरा वर चढली. तो हिशेब मी दिला.

हे चालू असतानाच माझा फोन थांबेना. डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले होते, ते एच५एन१ नं गेल्याचं जानेवारीत कळलं. लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मेले होते. त्यापाठोपाठ आमच्याच राज्यात छिंदवाड्याला मांजरांच्या नमुन्यांत एच५एन१ सापडला आणि तिथला चिकनबाजार बंद झाला. इंदूरच्या लोकांना हे नवं नाही. २०२० च्या डिसेंबरअखेर डेली कॉलेजच्या आवारात कावळे पडायला लागले आणि भोपाळच्या तपासणीत एच५एन८ निघाला, ते दिवस सगळ्यांना आठवतात. आणि आमच्यासारख्या, ज्यांचे नातेवाईक खानदेशात आहेत, त्यांना २००६ चं नवापूर आठवतं. देशातली पहिली साथ. पाठोपाठ आमच्या बाजूला बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं इच्छापूर.

तर फोन. “डॉक्टरसाहेब, बर्ड फ्लूची लस तातडीनं पाठवा, पैसे आधी देतो.” त्या पंधरवड्यात मी मागणीप्रमाणे नुसती ‘हो’ म्हणत गेलो असतो तर गोदाम रिकामं झालं असतं. प्रत्येकाला मी तेच सांगत होतो. ही लस एच९ ची आहे. एच५ आला तर ती कोंबडी वाचवणार नाही. आत्ता अंड्यावर असलेल्या पक्ष्यांना घाबरून टोचलंत तर अंडी घटतील आणि ज्याची भीती आहे त्यापासून संरक्षण मिळणार नाही. शिवाय टोचल्यापासून प्रतिकारशक्ती बसायला दोन-तीन आठवडे लागतात, घराला आग लागल्यावर विहीर खणण्यासारखं ते होईल. काहींनी ऐकलं. एकजण रागावून म्हणाला, दुसरा एजंट सगळ्या बर्ड फ्लूवर चालणारी लस देतोय. अशी लस कुणी देत असेल तर ती या देशात परवानगी नसलेली आहे किंवा बाटलीवर लिहिलंय त्याहून वेगळी आहे, एवढंच मी म्हणालो.

एच५ ची लस आपण का देत नाही, असंही विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. चीननं फार पूर्वी मोठ्या प्रमाणावर दिली, फ्रान्सनं २०२३ च्या ऑक्टोबरपासून बदकांना द्यायला सुरुवात केली. अडचण अशी की टोचलेला पक्षी आजारी दिसत नाही, पण विषाणू पसरवू शकतो. मेलेली कोंबडी ही आपली धोक्याची घंटा आहे, ती घंटाच बंद होते. रक्तात सापडलेली प्रतिपिंडं लसीची की रोगाची, हे वेगळं काढायला दुसरी व्यवस्था लागते. लसीतला विषाणू आणि फिरणारा विषाणू यांची जुळणी सतत तपासावी लागते, आणि परदेशी गिऱ्हाईक मांस-अंडी घ्यायला कचरतं. हे सगळं पेलायला लागणारी पाळत आपल्याकडे गावपातळीवर उभी नाही, आणि ती उभी होण्याआधी लस आली तर नुकसान जास्त होईल, असं माझं मत आहे. साधी पेटी नीट भरायला मला इतकी वर्षं लागली, हे डोळ्यांपुढे ठेवून मी हे म्हणतो.

एच९ च्या लसीचा एक धोका मात्र मला आधी पुरता कळला नव्हता. तो फेब्रुवारीच्या मध्यावर कळला.

सकाळी सहाला अण्णांच्या मुलाचा फोन. ओळ चारमध्ये १४ पक्षी मेलेले. एरवी अख्ख्या शेडमध्ये एखाद-दुसरा. मी विचारलं, नाल्यापलीकडे कावळे-बगळे काही मेलेत का? नाही. तुरे निळे पडलेत का? दोघांचे पडल्यासारखे वाटतात. मग तो म्हणाला, “पण काका, ओळ चार तर चांगली लस लागलेली ओळ ना? टायटर तुम्हीच दाखवलेत. मग बर्ड फ्लू कसा असेल?”

माझ्या पोटात गोळा आला. या घराला मी इतर कुणाहीपेक्षा जास्त वेळा एच५ आणि एच९ समजावलं होतं. तरी भीतीच्या क्षणी त्यांच्या मनात उरलं होतं एवढंच, की बर्ड फ्लूची लस दिलेली आहे. एका रोगाची लस दुसऱ्या रोगाची खबर दाबून ठेवू शकते, तिच्या नावामुळेच.

मी म्हणालो, एकही पक्षी उघडून पाहू नका. आम्हा पशुवैद्यांना पहिली सवय पोट फाडून पाहायची असते, पण संशय असताना फार्मवर पक्षी फाडणं म्हणजे विषाणू हवेत आणि हातांवर घेणं. दोन पिशव्यांत भरून बाजूला ठेवा. अंड्यांची गाडी आज भरू नका. ट्रे बाहेर जाऊ देऊ नका. शेडमध्ये एकच माणूस जाईल, मास्क आणि हातमोजे घालून. आणि जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयाला फोन करा. २००९ च्या कायद्याप्रमाणे संशय आल्यावर कळवणं हे मालकाचं कर्तव्य आहे.

पलीकडे शांतता. मग अण्णांनी फोन घेतला. त्यांची भीती मला कळत होती. अहवाल वाईट आला तर सगळे पक्षी जातील, शेजारच्या दोघांचेही जातील, आणि गावात आयुष्यभर नाव राहील. मी त्यांना एकच व्यवहाराची गोष्ट सांगितली: भरपाई मिळते ती सरकारनं नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. लपवून ठेवलेला प्रत्येक दिवस तुमच्याच खिशातून जातो. अण्णा म्हणाले, “पैशाचं राहू द्या. घरात नातू आहे.” २०१९ मध्ये मेळघाटातल्या एका सतरा महिन्यांच्या बाळाला एच९एन२ झाल्याचं आढळलं होतं, देशातला माणसातला तो पहिला रुग्ण. ते मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. फोन त्यांनी स्वतः केला.

नमुने भोपाळला गेले. उत्तर येईपर्यंतचे दिवस कुणी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी ९ मेले, तिसऱ्या दिवशी ५, नंतर २. अंडी खोलीत साचत गेली. सूनबाईंनी नातवाला महूला माहेरी पाठवलं. उत्तर आलं: एच५ नाही, एच९ ही नाही. पुढच्या तपासात ई. कोलाय निघाला. थंडीसाठी ओळ चारच्या बाजूचे पडदे रात्रभर पूर्ण खाली सोडलेले, खाली ओली विष्ठा, अमोनियानं डोळे झोंबत होते. पडदे वरून वीतभर उघडे ठेवायला लागल्यावर आणि खालची विष्ठा काढल्यावर ते थांबलं.

त्यानंतर मी माझ्या कामात काय बदललं, ते थोडक्यात लिहितो, कुणा एजंटाच्या उपयोगी पडेल. जिवंत आणि मृत लस एका पेटीत जात नाही. मृत लसीच्या विटा डीप फ्रीजरमधून काढून, हलवल्यावर आत पाणी डचमळेपर्यंत बाहेर ठेवायच्या आणि मगच भरायच्या. बाटली आणि वीट यांच्यात पुठ्ठा. शेवटच्या टप्प्यालाही लॉगर. आणि बिलावर ठळक अक्षरात शिक्का: ‘ही लस एच९एन२ साठी आहे. जास्त मरतूक दिसल्यास ताबडतोब पशुसंवर्धन कार्यालयाला कळवा.’ बर्ड फ्लू हे शब्द मी बिलावरून काढून टाकले.

टोळीचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो मला अजून पुरता सुटलेला नाही. हजार डोसांची बाटली चारशे पक्ष्यांच्या फार्मला परवडत नाही. उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवायची असते. म्हणून लहान फार्मवाले म्हणतात, तिघांत एक बाटली द्या, टोळी एकाच दिवशी तिघांकडे जाईल. हिशेब बरोबर आहे. पण फार्म ते फार्म फिरणारी माणसं, त्यांची पिचकारी, त्यांचे बूट आणि एकातून दुसरीकडे नेलेली अर्धी बाटली, यांच्याइतकी रोगाला सोयीची वाट दुसरी नाही. फ्लू रोखायला निघालेली टोळीच फ्लू घेऊन जायची. सध्या मी एवढंच करतो: टोळी दिवसाला एकाच फार्मवर जाते, आधी तलंगा आणि मग मोठे पक्षी, कपडे आणि गमबूट फार्मचेच, पिचकाऱ्या आणि सुया रात्री उकळून. थर्माकोलची पेटी नीट निर्जंतुक होत नाही, म्हणून ती फाटकाच्या आत जात नाही. बाटल्या फाटकावर काढून घ्यायच्या. लहान फार्मांना मी आख्खी बाटली देतो आणि उरलेली फेकायला लावतो. काहींनी यामुळे माझ्याकडून लस घेणं बंद केलं. त्यांना कमी डोसांची बाटली मिळायला हवी, आणि कंपनीच्या प्रतिनिधीला मी दर महिन्याला तेच सांगतो.

नव्या बॅचच्या तलंगांना या वर्षी दुसरा डोस दिला तेव्हा मी फार्मवर होतो. सूनबाईंनी वहीत आणखी एक रकाना पाडला होता, ‘पेटी उघडताना तापमान’. पेटी फाटकावर उघडली, त्यांनी लॉगर उचलून डोळ्यांजवळ धरला आणि मला न दाखवताच आकडा लिहिला. ५.२. मग शेऱ्याचा रकाना माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “इथे सही करा, काका. वाचून.”